कुकरच्या खोक्याचा पुठ्ठा

मी सहजासहजी कुणाला चांगलं म्हणणारी बाई नाही. माझ्या तोंडून "बरं झालंय" निघालं की आमच्या घरात समजून जातात, भाजी लई भारी झालेली आहे. तरी आज सांगणार आहे ते कौतुकच, आणि तेसुद्धा सुनेचं. माझ्या भिशीतल्या बायकांच्या हाती हे पडलं तर पदर तोंडाला लावून हसतील. हसू द्या, त्यांच्या सुना मला माहीत आहेत.

लातुरात आमचं भांड्यांचं दुकान आहे. स्टील, पितळ, कुकर, लग्नातलं रुखवत, सगळं मिळतं. भांड्यावर नावं घालायचं मशीन मालक स्वतः चालवतात. मालक म्हणजे माझे यजमान. दुकानात सगळे म्हणतात म्हणून मीही तेच म्हणते. बिलं करायला मुलानं एक कॉम्प्युटर आणला होता. तो नवा नव्हता, कुठल्याशा ऑफिसनं एकदम बरेच काढून टाकले त्यातला एक होता. साडीची दोन खोकी एकावर एक ठेवली की जेवढं होईल तेवढाच, आडवा, काळा. आम्ही त्याला डबा म्हणायचो. पुढं दुकानाला दुसरा आला आणि डबा घरी पुढच्या खोलीत टेबलावर आला.

खंडेनवमीला आमच्याकडे घरातल्या आणि दुकानातल्या सगळ्या हत्यारांची पूजा होते. काटा, पक्कड, नावं घालायचं मशीन, विळी, माझं शिलाई मशीन आणि हा डबासुद्धा. विभूतीची तीन बोटं ओढायची, हळदीकुंकू लावायचं, झेंडूचं फूल आणि अक्षत वाहायची. त्या वर्षी मुलानं सकाळी डब्याचं झाकण काढून आत हवा मारली, धूळ उडवली, आणि तेवढ्यात दुकानातून फोन आला म्हणून तसाच उघडा टाकून पळाला. मी ताट घेऊन आले तर आतलं सगळं समोर. हिरव्या पाटीवर केवढी ती गर्दी! मला वाटलं, अगं बाई, इतकी वर्षं मी नुसत्या पत्र्याला कुंकू लावत होते. म्हणजे माणसाला सोडून त्याच्या सदऱ्याला ओवाळायचं! काम करतंय कोण, तर आतलं. मग मी आतूनच पूजा केली. आतल्या पत्र्याला कुंकवाचं बोट लावलं आणि मूठभर अक्षत मनापासून वाहिली. नंतर मुलानं येऊन वरचं फूल काढलं, डबा तिरपा करून झटकला आणि झाकण लावलं. मला तर त्या दिवशी स्वतःचंच कौतुक वाटलं होतं.

आता सुनेकडे येते. ती किनवटची. घरांचे नकाशे काढायचा डिप्लोमा केलेली. लग्नाआधी नांदेडला एका ऑफिसात नोकरी करत होती. लग्न झालं, लातूरला आली आणि नोकरी सुटली. कुणी सोड म्हणालं नाही, कुणी धर म्हणालं नाही. तिची बोली आमच्याहून वेगळी. आम्ही "काय करायलीस" म्हणतो, ती "करून राहिले" म्हणते. मला "आत्या" म्हणते आणि मालकांना "मामा". आल्या आल्या महिन्याभरात तिनं काय केलं असेल? टेप घेऊन माझं स्वयंपाकघर मोजलं. आणि म्हणते, "आत्या, तुमच्या उंचीला हा ओटा तीन इंच जास्त हाय. म्हून तुमचा खांदा दुखून राहिला."

मला असा राग आला! वीस वर्षं त्या ओट्यावर रांधलं, कुणाची बिशाद नव्हती बोलायची. मी म्हटलं, "ओटा बराबर हाय. खांदा माझा हाय, मी बघून घेईन." पण त्या दिवसापासून चपात्या लाटताना माझं लक्ष खांद्याकडेच जायला लागलं. पुढं एक दिवस कुणी नाही असं बघून मी पाटावर उभं राहून लाटलं. खांदा दुखला नाही. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

तर ही पोरगी दुपारी कामं आटोपली की डब्यासमोर बसायची. पुण्याची, हैदराबादची ऑफिसं घरबसल्या काम देतात म्हणे. आधी नमुन्याचं काम करून पाठवायचं, आवडलं तर ठेवून घेतात. तिनं दोनदा केलं. कॉम्प्युटरवर घर उभं करायचं आणि आतून फिरून दाखवायचं, दारातून शिरलो, बैठक बघितली, स्वयंपाकघरात गेलो, असं. दोन्ही वेळा घर उभं राहिलं, पण फिरायला निघालं की डबा अडकायचा. पडद्यावर ते गोल गोल फिरत राहायचं आणि ही बसायची हाताची घडी घालून. दोन्ही कामं वेळेत गेली नाहीत.

लग्नसराईत तिसरं बोलावणं आलं. पुण्याच्या ऑफिसचं, पाच खोल्यांचं घर, सोमवारी दुपारी बाराच्या आत पाठवायचं. मंगळवारी ती माझ्याजवळ येऊन बसली. मी भाजी निवडत होते, तर तीही निवडायला लागली आणि खाली बघतच म्हणाली, "आत्या, ह्या टायमाला न्हाई झालं तर मी नाद सोडते. मामांसंगं दुकानात बसत जाईन."

दुकानात बसणं वाईट नाही, मी स्वतः बसलेली आहे. पण ती ज्या आवाजात म्हणाली तो आवाज मला आवडला नाही. पोरगी भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. मी विचारलं, "मग त्या डब्याला व्हायलंय तरी काय?"

"त्यात ग्राफिक्स कार्ड न्हाई. सध्या एकच बाई सैपाक बी करून राहिली आन् पाव्हणे बी बघून राहिली. चित्रासाठी येगळी बाई ठेवा लागते."

हे मला एका दमात कळलं. पाहुण्यांनी भरलेल्या घरात एकटीनं स्वयंपाक काय असतो ते मला कुणी शिकवायला नको.

मुलानं लातुरातल्या दोन-तीन दुकानांत फोन केले. सगळ्यांनी एकच सांगितलं, त्या बुटक्या डब्यात काही बसत नाही, नवा घ्या. नवा घ्यायचा तर घरात चार माणसांची चार मतं, आणि सोमवार तर तोंडावर. बुधवारी जेवणं झाली, सुनेनं अंगणाच्या दाराजवळ, उजेडात, चटई टाकली आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन डबा उघडला.

मी आपली सुपारी कातरत लांबून बघत होते. बघते तर बाईसाहेबांनी माझा मसाल्याचा डबा धुऊन पुसून घेतलेला आणि त्याच्या वाट्यांत स्क्रू ठेवायला लागलेली! झाकणाचे मोहरीच्या वाटीत, आतल्या पट्टीचे जिऱ्याच्या.

"अगं ए! मसाल्याच्या डब्यात स्क्रू? मसाला कुठंय माझा?"

"दुसऱ्या वाट्यांत काढून झाकून ठेवला, आत्या. एकातला स्क्रू दुसऱ्यात गेला तर आटे खराब होतात. तुमी न्हाई का, हळद आन् तिखट येगळं ठेवत."

बरोबरच बोलत होती. मी सुपारी कातरत राहिले.

तिनं आत बघितलं. आतल्या पत्र्यावर माझं कुंकवाचं बोट तसंच होतं, सुकून काळपट झालेलं. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं, हसली नाही. बारका ब्रश घेऊन धूळ झाडली, पण कुंकवाच्या भोवतीनं झाडली. कुंकू पुसलं नाही. तेव्हा मला मनात बरं वाटलं होतं, पोरीला रीतभात आहे म्हणून.

मग तिनं पट्टीनं मापं घेतली आणि दुकानातून आलेलं कुकरचं रिकामं खोकं कापायला बसली. पुठ्ठा कापला, आत घालून बघितला, काढला, पुन्हा कातरला, पुन्हा घातला. चार वेळा तरी केलं असेल. शेवटी जो पुठ्ठा तयार झाला तो डब्यात असा उभा राहिला की वरून झाकण आरामात लागलं आणि शेजारच्या कशाला धक्का नाही. त्याच्यावर कुकरच्या शिट्टीचं अर्धं चित्र होतं. म्हणाली, "एवढं कार्ड पाहिजे. याच्याहून मोठं न्हाई. आन् त्याला वरून येगळी करंटची वायर लागायला नको. डब्याचा जीव बारका हाय, झेपणार न्हाई."

आम्ही शिंप्याकडे मापाचं ब्लाउज नेतो ना, तसलंच हे. आणि मी इतके दिवस समजत होते की हिला घरातलं काही येत नाही.

नांदेडच्या जुन्या ऑफिसातल्या ओळखीनं तिनं एक दुकान शोधलं. तिथं बुटकी कार्डं आहेत असं कळलं. मुलाला लग्नसराई सोडून हलता येईना. मी म्हटलं, मी जाते सोबत. खरं सांगायचं तर मला तिची मदत करायची नव्हती, ही एवढं काय करून राहिलीय ते बघायचं होतं. बघा, तिची बोली माझ्या तोंडात बसली.

शुक्रवारी पहाटेच्या एस.टी.नं निघालो. अहमदपूर, लोहा, धूळ, ऊन. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती. तिनं तो पुठ्ठा प्लॅस्टिकच्या फायलीत घालून सगळी वाट मांडीवर धरला, दुमडेल म्हणून. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय हाय गं त्यात?" तर म्हणते, "माप हाय." त्या बाईनं माझ्याकडे बघितलं, मी खिडकीबाहेर बघितलं.

दुकानदार चाळिशीतला, तोंडात पान. आम्हा दोघींकडे बघून मला म्हणतो, "मावशी, सोबत कुणी माणूस नाही आला का?"

माझं डोकं फिरलं. "का रे बाबा, आम्ही दोघी म्हशी दिसायलोत का तुला?"

बिचारा वरमला. मोठ्ठं खोकं काढलं, त्यातून दोन पंख्यांचं जाडजूड कार्ड काढलं. "हे घ्या ताई. याच्यावर सगळं पळतं."

सुनेनं फायलीतून पुठ्ठा काढून त्याच्यावर ठेवला. कार्ड चारी बाजूंनी बाहेर. "पळंल हो दादा. पण बसंल कुठं?"

त्यानं दुसरं काढलं, ते उंचीला बरोबर पण लांब. तिसऱ्याला वरून करंट लागत होता. चौथं काढलं, पुठ्ठा ठेवला, कडेला कड लागली. मी म्हटलं, चला, झालं एकदाचं. पण ही कसली हलते! खोकं उघडून आतलं सगळं काउंटरवर मांडलं. "दादा, डब्याला आवळायची पट्टी याला लांब लावलेली हाय, मोठ्या डब्याची. बुटकी पट्टी कुठं हाय? संगं येते."

"नाही येत ताई."

"येते." आवाज वाढवला नाही, काही नाही. खोक्यावरच्या चित्रावर बोट ठेवलं. तिथं दोन पट्ट्या छापलेल्या होत्या, एक लांब, एक आखूड.

त्यानं चित्र बघितलं. मग एक खण उपसला, दुसरा उपसला, शेवटी टाचण्या-रबरांच्या डब्यातून ती एवढीशी पट्टी निघाली. आधी कुणीतरी खोकं उघडलेलं असणार. दुकानदार मनापासून हसला आणि आम्हाला चहा पाजला. चहा पिताना मला हळूच विचारतो, "मावशी, पोरगी कुठं कामाला हाय?"

मी म्हटलं, "सध्या घरीच असते."

साधा प्रश्न होता. पण ते उत्तर देताना मलाच कसंतरी झालं. परतीच्या एस.टी.त ती थकून झोपली, कार्डाचं खोकं पोटाशी धरून, आणि मी जागी होते. आयुष्यात मी देवाकडे फार काही मागितलं नाही. त्या दिवशी लोह्याच्या पुढं कुठंतरी मागितलं, की महादेवा, हिचं हे होऊ दे.

आता लाज वाटायची गोष्ट सांगते.

शनिवारी सकाळी सगळं घर टेबलाभोवती जमलं. मालकसुद्धा दुकानात उशिरा जातो म्हणाले. सुनेनं लांब पट्टी काढून आखूड लावली, हिरव्या पाटीवरच्या लांब खाचेवर कार्ड ठेवलं, दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. पडद्याची वायर कार्डाला लावली, बटण दाबलं. पंखा फिरला. डब्यानं पी-पी केलं आणि पडदा काळाच. पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. पुन्हा पी-पी. असं दुपारपर्यंत चाललं.

मुलगा म्हणाला, "कार्डच खराब दिलं त्यानं. सोमवारी नांदेडला नेऊन देतो." सोमवारी! सोमवारी बारा वाजता तर सगळं संपणार होतं. मालक म्हणाले, "तरी म्हणत होतो, जुन्या मशीनला छेडू नये. नांदेडहून दगड आणला." आणि मी? मी आदल्या दिवशी तिच्यासाठी देवाला साकडं घातलेली बाई. मला इतका राग आला होता, त्या दुकानदाराचा, डब्याचा, माझ्या दुखऱ्या कमरेचा, की तो सगळा मी तिच्यावर काढला. मी म्हटलं, "तुझ्या हाताला यशच न्हाई."

बोलून गेले. शब्द तोंडातून सुटला की संपलं, परत थोडाच घेता येतो. ती "बरं" एवढंच म्हणाली. कार्ड काढून खोक्यात ठेवलं, पडद्याची वायर जुन्या जागी लावली, डबा चालू झाला. जेवताना तिनं सगळ्यांना वाढलं, मला तूप जास्त वाढलं.

रविवारी सकाळी बघते तर ती पुन्हा चटई टाकून बसलेली. डबा उघडा, मसाल्याच्या डब्यात स्क्रू. मी मुद्दाम तांदळाचं सूप घेऊन तिच्याजवळच बसले. माफी मागायची सवय नाही मला. जवळ बसणं एवढंच येतं. ती कार्ड खाचेत ठेवत होती, डोळ्यांच्या रेषेत वाकून बघत होती, काढत होती. मग तो कुकरचा पुठ्ठा घेतला आणि त्याची कड खाचेत हळूच सरकवली. एका टोकाला पुठ्ठा तळाला गेला. दुसऱ्या टोकाला अडला.

"आत्या," ती म्हणाली, "कार्ड खराब न्हाई. ते पुरतं बसूनच न्हाई राहिलं. खाली कायतरी हाय."

तिनं मोबाइलची बॅटरी लावली, भुवयांचा चिमटा आणला आणि त्या काळ्या खाचेत घातला. श्वास रोखून धरला होता तिनं, मीही धरला होता. एकदा निसटलं, दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा चिमटा वर आला, त्याच्या टोकाला काहीतरी बारीक, काळपट लाल. तिनं ते तळहातावर घेतलं.

तांदळाचा दाणा होता. कुंकवात भिजून वाळलेला.

माझ्या मांडीवर तांदळाचं सूप. ती त्या दाण्याकडे बघत होती, मी पण बघत होते. मला खंडेनवमीची ती सकाळ आठवली, ते उघडं झाकण, ती मूठभर अक्षत. काखेत कळसा आणि गावाला वळसा! नांदेडच्या माणसाला मी मनात किती शिव्या दिल्या होत्या. आणि हिला तोंडावर काय म्हणाले होते!

आतून मालकांचा आवाज आला, "काय गं, सापडलं का काय?"

तिनं मूठ मिटली. "हाव मामा. कचरा अडकला होता. निघाला."

एवढंच म्हणाली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. उठली, अंगणात गेली आणि मुठीतला दाणा मोगऱ्याच्या कुंडीत ठेवला, माती थोडी उकरून, वरून थोडी सारून. कचरा कुणी असा ठेवतं का? अक्षत पायदळी येऊ नये म्हणून ठेवतात तसं. म्हणजे तिला सगळं कळलं होतं, आणि मला कळलंय हेही तिला कळलं होतं. मी सुपात तोंड घालून खडे शोधत बसले. तांदूळ निवडलेलाच होता.

मग तिनं कार्ड खाचेवर धरलं आणि दाबलं. टक् असा बारका आवाज झाला. कालपासून एकदाही आला नव्हता तो. बटण दाबलं तर पी-पी नाही, काही नाही, पडद्यावर लख्ख उजेड. ती ओरडली नाही की नाचली नाही, दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसती बसली. तिचे डोळे भरले होते. माझेही भरले, पण मी तांदळाच्या कोंड्याचं नाव पुढं केलं.

दुपारी तिनं मला बोलावलं. "आत्या, या, घर दाखवते." पडद्यावर घर होतं. ती बोट हलवेल तसं आम्ही आत शिरलो, कुठं अडकणं नाही, थांबणं नाही. बैठकीत ऊन पडलं होतं. स्वयंपाकघरात आलो तेव्हा ती म्हणाली, "हा ओटा तुमच्या उंचीचा हाय. मापं माझ्याकडं होतीच." मला बोलायचं होतं तेव्हा, अगदी जिभेवर आलं होतं. पण तेवढ्यात मुलगा आला, मालक आले, सगळे घर बघायला लागले, आणि मी गिळून टाकलं.

सोमवारी अकराला तिनं काम पाठवलं. गुरुवारी फोन आला. ती फोन कानाला लावून अंगणभर फिरत होती, "हो सर, हो सर" करत, आणि आम्ही तिघं दारात उभे. काम मिळालं. घरी बसून, रोजचं, नेमाचं. मालकांनी त्याच दिवशी स्टीलचा एक डबा घेऊन त्याच्यावर तिचं नाव स्वतःच्या हातानं घातलं, आणि येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत सुटले, "आमच्या सुनेनं कॉम्प्युटर स्वतः खोलला! आत कचरा अडकलेला, एका मिनिटात काढला."

प्रत्येक वेळी ते "कचरा" म्हणायचे आणि मी पुसलेलंच भांडं पुन्हा पुसायला घ्यायचे. पाच महिने मी तो शब्द ऐकला. पाच महिने गप्प राहिले. लोक म्हणतात सासू फटकळ असते. जिथं बोलायचं तिथं माझी वाचा बसली होती.

मग खंडेनवमी आली. मी ताट केलं, पण मनात ठरवलं होतं की ह्या वर्षी डब्याकडे फिरकायचंच नाही. काटा झाला, विळी झाली, शिलाई मशीन झालं. मागं वळून बघते तर सुनेनं चटई टाकून डबा उघडून ठेवलेला. आत, कार्डावर आणि खाचांवर, तो कुकरच्या खोक्याचा पुठ्ठा नीट झाकणासारखा बसवलेला, फटी राहू नयेत म्हणून शेजारी दोन तुकडे अजून कापून लावलेले. वर शिट्टीचं अर्धं चित्र. गेल्या सालचं माझं कुंकवाचं बोट तेवढं उघडं ठेवलेलं.

"करा आत्या," ती म्हणाली. "आतून करा. खाली कायबी जात न्हाई आता."

मालक तिथंच होते, मुलगा होता. मी ताट खाली ठेवलं. मी म्हटलं, "तो कचरा नव्हता."

मालक म्हणाले, "कोणता कचरा?"

"डब्यात अडकलेला. माझी अक्षत होती ती. मी टाकली होती आत. हिनं बघितलं, हिला कळलं, आणि हिनं तुम्हाला कचरा म्हणून सांगितलं. आणि आदल्या दिवशी मी हिला म्हणाले होते, तुझ्या हाताला यश नाही."

मुलगा हसणार होता, माझं तोंड बघून थांबला. सून म्हणाली, "जाऊ द्या ना आत्या."

"जाऊ कशी देऊ? हात दे इकडं. दोन्ही."

तिनं हात पुढं केले. खंडेनवमीला हत्याराची पूजा करतात. मी तिच्या दोन्ही हातांवर विभूतीची बोटं ओढली, दाही बोटांना हळद लावली, कुंकू लावलं, आणि ओंजळीत अक्षत दिली. माझे डोळे वाहत होते, वाहू दिले. ती पण रडत होती आणि हसत होती, आणि हात तसेच पुढं धरून उभी होती, सांडेल म्हणून.

"आत्या," ती म्हणाली, "अकराला माझं काम हाय. ह्या हातानं माऊस कसा धरू?"

मी म्हटलं, "तसाच धर."